पुढे पुढे करणारी

आमच्या ठाण्यात थंडी आली म्हणून पंखा बंद होत नाही. तो पाचावरून दोनवर येतो, मग एखाद्या पहाटे कुणीतरी चडफडत उठून त्याला एकवर करतं, आणि सकाळी चहा पिताना घरातली मोठी माणसं "यंदा गारठा आहे हो" असं समाधानाने म्हणतात. परवा आमचा पंखा एकवर आला. दुकान उघडायला निघाले तेव्हा नौपाड्याच्या नाक्यावर भाजीवालीच्या पाटीत ओली लसूण आणि वालाच्या शेंगा होत्या, आणि बाकावरच्या सगळ्या आजोबांनी कानटोप्या चढवल्या होत्या. मला एकदम कढई आठवली. कढई आठवली म्हणून प्राची आठवली, आणि प्राची आठवल्यावर माझं जे होतं ते झालं.

पोटाच्या वर, बरगड्या संपतात तिथे, मला जळतं. पुस्तकात याला मत्सर म्हणतात, हेवा म्हणतात, असूया म्हणतात. घरात आम्ही सरळ जळणं म्हणतो, आणि हा शब्द ज्या कुणी काढला त्याला स्वतःला चांगलंच जळलेलं असणार. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, पित्त आहे. त्यांना जाऊ नसावी.

प्राची माझी धाकटी जाऊ, म्हणजे माझा दीर निखिल याची बायको. गेल्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही एकाच इमारतीत राहायचो. पहिल्या मजल्यावर मी, माझे यजमान आणि सासूबाई, तिसऱ्यावर ती दोघं. जेवणं बहुतेक आमच्याकडेच. खाली चष्म्यांचं दुकान आहे, ते मी बघते. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, हे स्पष्ट दिसतं की ते, असं विचारायचं, आणि नंबर काढून द्यायचा, हा माझा धंदा. लोकांचं अंधुक दिसणं मला लगेच कळतं.

सायकल आधी माझी होती, हे इथे लिहून ठेवते. चाळिशी उलटल्यावर मी गिअरची सायकल घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात?" यजमान म्हणाले, "किती दिवस टिकतंय बघू." आणि मी टिकवलं. रविवारी पहाटे टोपी घालून जिन्यावरून सायकल खांद्यावर उतरवताना इमारतीतल्या बायका दूध घ्यायला दार उघडायच्या आणि माझ्याकडे बघत राहायच्या. मी काही मोठं करत नव्हते. माजिवड्यापर्यंत जायचं, फार तर साकेतच्या पुलापर्यंत, आणि परत. पण घरात पोळी प्रत्येकीला येते, पुरण प्रत्येकीला येतं. सायकल मला एकटीलाच येत होती. तेवढं मला पुरत होतं.

मग निखिलचं लग्न झालं. प्राची चिपळूणची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, एका थंडीतच एकदा मला म्हणाली, "ताई, मला पण न्याल?" मीच तिला गिअर शिकवले. चढावर कधी कुठला टाकायचा, सीट किती उंच हवी, ट्रक मागून आला तर हँडल कसं घट्ट धरायचं नाही, सगळं मी शिकवलं. आणि आंब्याला पुढचा मोहोर यायच्या आत ही बाई माझ्या पुढे.

आमच्यात एक शब्दप्रयोग आहे, पुढे पुढे करणं. पाहुणा दारात आला की आपण उठेपर्यंत जिने पाणी आणून दिलेलं असतं, सासूबाईंनी "गोळी" म्हणायच्या आत जिच्या हातात गोळी असते, ती पुढे पुढे करणारी. प्राची तशी होती. तिने केलेल्या भाजीला सासूबाई "वा" म्हणायच्या. माझ्या भाजीला त्या काही म्हणायच्या नाहीत, कारण ती वीस वर्षं तशीच होते. हे मी समजू शकते, पण समजून जळणं थांबत नाही.

आणि सायकलवरही तेच. गावातल्या रस्त्यावर ती निमूट माझ्या मागे असायची. साकेतचा पूल आला, खाडी उघडी झाली, की मागून घंटी. "ताई, मी येते पुढे." झाली पुढे. माणकोलीवरून मोठागावचा नवा पूल सुरू झाल्यावर आम्ही डोंबिवलीपर्यंत जायला लागलो, तिथेही तसंच. पूल आला, घंटी वाजली, प्राची पुढे. नेमकं पुलावरच हिला सुचायचं. बाकी रस्त्यात कुणी बघत नाही, पुलावर सगळ्या गाड्यांना आपण दिसतो, असा मी हिशेब लावला होता. तिच्या मागच्या चाकाकडे बघत मी पायडल मारायचे आणि मनात म्हणायचे, बघा, इथेही पुढे पुढे.

घरातल्या दारात मात्र उलटं. देवळात, हळदीकुंकवाला, रिक्षातून उतरताना, लिफ्टमध्ये शिरताना ती बाजूला होऊन हात करायची, "तुम्ही पुढे व्हा, ताई." मोठ्या सुनेचा मान. गौरी घरात आणायच्या तेव्हाही "तुम्ही पुढे व्हा". तिला तसं माहेरी शिकवलं असणार. मी पुढे व्हायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दिवसातून तेवढे चार-सहा क्षण मी तिच्या पुढे असायचे.

आता कढई. मोठागावचा पूल उतरून कोपरच्या बाजूला वळलं की खाडीकडेच्या जमिनी लागतात. पूर्वी तिथे भात आणि मिठागरं होती, आता टॉवर आहेत. त्यातला एक तुकडा बाळाराम शेठनी बिल्डरला दिला नाही. त्यांची मुलगी सायकलच्या शर्यतीत धावायची, तिच्यासाठी त्यांनी तिथे सिमेंटचा लांबट गोल ट्रॅक बांधला, दोन्ही टोकांना भिंतीसारखा वर चढत गेलेला. मुलगी त्याला वेलोड्रोम म्हणायची. गावाच्या तोंडात ते बसलं नाही. गावाने त्याला कढई नाव दिलं, आणि मुलीला खेळाडू म्हणून नोकरी लागून ती लांब गेली तरी कढई राहिली. शेठ तिथे संध्याकाळी हौशी लोकांना सायकल चालवू द्यायचे. भाड्याच्या सायकलीही त्यांच्याकडे होत्या, आणि थंडीत एक दिवस शर्यतींचा.

ती सायकल निराळीच. तिला ब्रेक नाही, गिअर नाही. आणि पाय थांबवता येत नाहीत. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय. पहिल्या दिवशी मी सवयीने पाय थांबवले आणि सायकलने मला सीटवरून उचललं. शेठ काठावरून ओरडले, "बाय, तिला थांबवायची नाय! हलू हलू दमवायची!" त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघींना कढईतलं एकमेव शहाणपण सांगितलं. दोघांच्या शर्यतीत पहिले फेरे सगळे रांगत काढतात, कुणालाच पुढे जायचं नसतं. का? तर शेठ म्हणाले, "पुढची वारा खाते, मागची जेवते. मागची जेवून झाली का शेवटाला काठावरना उतरते न जाते निघून."

मी हे ऐकलं. मान डोलावली. चष्मे विकताना गिऱ्हाईक माझं ऐकून डोलावतं तशीच.

शर्यतीच्या संध्याकाळी अख्खं घर आलं होतं. सासूबाई शाल घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर चहाचा थर्मास. यजमान आणि निखिल कठड्याला रेलून. ऊन उतरलं होतं, खाडीकडून चिखलाचा खारा वास येत होता आणि कुणीतरी पेंढा जाळला होता त्याचा धूर कढईच्या तळाशी बसला होता. दिवे लागले तसे सिमेंटवर आमच्या दोन-दोन सावल्या पडायला लागल्या. शेठनी माइक हातात घेतला. तरुणपणी ते बैलगाड्यांच्या शर्यतीत बोलायचे, आणि बैल जाऊन सायकली आल्या म्हणून त्यांनी बोलण्यात काही फरक केला नव्हता. बायकांच्या शर्यतीत आम्ही मोजक्याच होतो. दोघी-दोघी सोडायच्या, हरेल ती बाहेर. एका शाळेतल्या खेळाच्या बाई माझ्याकडून हरल्या, कल्याणची एक मुलगी प्राचीकडून हरली, आणि शेवटी उरलो आम्ही दोघी.

"बगा बगा बगा! आता आयल्या जावा-जावा!" शेठचा आवाज पार टॉवरवर आपटून परत आला. टॉवरच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकली. "एकाच घरातल्या! एकाच चुलीवरच्या! मोठी जिंकते का धाकली?"

मला जिंकायचं होतं. ढाल वगैरे नको होती, मला फक्त पुन्हा एकदा ती सायकलवाली व्हायचं होतं, जिच्याकडे बायका दूध घेता घेता बघतात. त्या एका संध्याकाळी प्राची माझ्या मागे राहिली असती आणि सासूबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं, तर पुढची वीस वर्षं मी तिच्या भाजीला स्वतःच "वा" म्हटलं असतं. असा सौदा मी देवाशी करून ठेवला होता.

सुटलो. तीन फेरे. पहिला फेरा रांगत, शेजारी शेजारी. दुसऱ्यात मी तिला पुढे ढकलायला बघत होते, ती मला. मी हळू, ती आणखी हळू. कढईच्या चढावर जाऊन आम्ही जवळजवळ उभ्याच राहिलो. पाय पायडलवर ताठ, हँडल इकडेतिकडे थरथरतंय, कोण आधी पडतंय असं झालं. श्वास मोठा झालेला. "थांबल्या! दोनी थांबल्या!" शेठ ओरडत होते. "मानपान चाललंय बगा! अगो, कोनतरी निघा, लाईट जाल!"

लोक हसले. तेवढ्यात प्राचीने माझ्याकडे पाहिलं, सायकल किंचित बाजूला घेतली आणि म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, ताई."

आणि मी झाले!

डोकं नंतर पोचलं. आधी पाय गेले. वीस वर्षांच्या मोठ्या सुनेचे पाय ते, त्यांना हाक ओळखीची होती. मी पुढे होऊन कढईच्या अर्ध्या वळणावर गेले आणि मग मला कळलं की मी कुठे आहे. मागे वळून पाहिलं तर ती माझ्या चाकाला लागलेली. आता हळू होऊनही उपयोग नव्हता. मी जीव खाऊन मारलं. घंटा झाली, शेवटचा फेरा, पायांत विंचू चावल्यासारखं होत होतं, आणि शेवटच्या वळणावर ती काठावरून घसरत खाली आली आणि माझ्या बाजूने निघून गेली. इतक्या जवळून, की तिच्या वेणीला लावलेलं रबर मला दिसलं. "गेली गेली गेली! धाकली गेली!" हे मी पायडल मारत मारत ऐकलं, कारण त्या सायकलीवर हरल्यावरही लगेच पाय थांबवता येत नाहीत.

उतरून आलो तर सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "काय चालवलीस गं!" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मेधा, तूपण छान." हा 'पण' मी अजून विसरलेले नाही. यजमान म्हणाले, "घरातलं बक्षीस घरातच आलं ना, झालं तर मग." निखिल म्हणाला, "वहिनी, भारी टक्कर दिली हां तुम्ही." प्राचीला मिळाली लाकडी ढाल, मधोमध पितळी सायकल. आणि दुसऱ्या नंबरला शेठनी काय दिलं असेल? शाल आणि श्रीफळ! मास्तर रिटायर झाल्यावर देतात ते. त्यांनी मोठ्या आदराने दिलं, माझ्या पायाला हात लावायचा तेवढा राहिला.

त्या नारळाची मी चटणी केली. प्राचीने दोनदा मागून घेतली.

ती थंडी तशीच गेली. मी सायकल गॅलरीत उभी केली आणि गुडघा दुखतो असं सांगितलं. जेवताना ढाल समोर असायची, सासूबाईंनी ती शोकेसमध्ये लावून घेतली होती, आणि मी वरणभात कालवताना एकच गोष्ट घोळवत असायचे, ते "तुम्ही पुढे व्हा" ही शिस्त होती की चलाखी? मला चलाखी हवी होती. चलाखी निघाली असती तर मी मनातल्या मनात दणदणीत भांडले असते आणि मोकळी झाले असते.

उन्हाळ्यात निखिलची बदली नाशिकला झाली. सामान बांधताना मी वर मदतीला गेले. तिची सायकल चादरीत गुंडाळता गुंडाळता मी विचारलंच, "प्राची, त्या दिवशी कढईत तू मला मुद्दाम पुढे केलंस ना?"

तिने दोरीची गाठ सोडून दिली. "ताई, आईशप्पथ, तोंडातून निघून गेलं. रोज म्हणते ना मी, तसंच. आणि तुम्ही गेलात की हो खरंच! मग मी काय करू? थांबू?" मग चादर सारखी करत म्हणाली, "मला पण जिंकायचं होतं."

इतकं सरळ उत्तर दिल्यावर माणसाने भांडायचं कसं? मी दोरीची गाठ मारली. ढाल ती घेऊन गेली नाही. "आईंना आवडते, राहू दे," म्हणाली. म्हणजे आता ती पुसायचं काम माझ्याकडे. दर शनिवारी पुसते. पितळी सायकलीच्या चाकांत धूळ फार बसते.

तर परवा पंखा एकवर आला, आणि काल रविवारी मी सायकल गॅलरीतून काढली. प्राची नाही, घंटी नाही, रस्ता पुन्हा माझा एकटीचा. निघताना खरंच आनंद झाला होता. माजिवड्यापर्यंत छान गेले. साकेतच्या पुलावर चढले आणि सायकल जड झाली. पाय मारतेय, पुढे सरकत नाही. मला वाटलं पंक्चर. उतरून टायर दाबला, टणक होता. ब्रेक चाकाला घासतोय का पाहिलं, घासत नव्हता. पुन्हा बसले, पुन्हा तेच. पुलाच्या मध्यातून परत फिरले, आणि परत येताना हलकी! हे काय भूत आहे म्हणून खोपटला एस.टी. डेपोच्या मागे सायकलवाला आहे त्याच्याकडे गेले. त्याने सायकल उलटी केली, दोन्ही चाकं गरागरा फिरवली. चाकं थांबायला तयार नव्हती.

"मॅडम, सायकल एकदम मक्खन आहे," तो म्हणाला. "कुठे जड लागते?"

"पुलावर," मी म्हटलं.

"मग वारा असेल. थंडीत खाडीवर असतोच ना. गेल्या वर्षी नव्हता काय?"

गेल्या वर्षी नव्हता. हेच मी म्हणणार होते. गेल्या थंडीत, त्याच्या आदल्या थंडीत, साकेतच्या पुलावर मला कधी वारा लागला नव्हता. तेवढ्यात मला ती घंटी ऐकू आली. "ताई, मी येते पुढे." फक्त पुलावर. पूल संपला की पुन्हा मागे.

पुढची वारा खाते, मागची जेवते.

मी सायकल हातात धरून खोपटहून नौपाड्यापर्यंत चालत आले. दोन थंड्या मी तिच्या आडोशाला बसून जेवत होते आणि वाढणारीला नावं ठेवत होते. हे ती कधी बोलली नाही. बोलली असती तर मी तिच्या मागे बसलेच नसते, हे तिला ठाऊक असणार. आणि इथे खरं तर माझं मन निवायला हवं होतं. डोळ्यांत पाणी वगैरे यायला हवं होतं. पाणी आलं नाही. पुन्हा तिथेच, बरगड्यांच्या खाली, जळलं. हिला भाजी येते, हिला शर्यत येते, आणि वर हिला न सांगता चांगलं वागणंही येतं. माणसाने एखादं तरी क्षेत्र दुसऱ्याला सोडावं!

आज दुपारी जेवायला बसलो तेवढ्यात घरच्या ग्रुपवर निखिलने फोटो टाकला. नाशिकची थंडी, दोन्हीकडे द्राक्षाचे मांडव, मोकळा लांब रस्ता, आणि प्राची सायकलवर. मान खाली, कोपर आत, वाऱ्यात जॅकेट फुगलेलं. छान दिसत होती. मला ते फारसं टोचलं नाही, याचं मलाच नवल वाटलं. मग मी फोटो बोटांनी मोठा केला.

तिच्या मागच्या चाकाला अगदी लागून एक बाई होती. पिवळं जर्किन, माझ्यापेक्षा तरुण, चेहरा कसा शांत. केस जागचा हलला नव्हता तिचा. बसली होती आरामात. अशी जळले मी, की ताटावरून उठून पाणी प्यावं लागलं. इतक्या वर्षांत प्राचीवर मी एवढी जळले नव्हते.

सासूबाईंनी फोन हातात घेतला, आमच्याच दुकानातला चष्मा नाकावर चढवला आणि फोटो निरखून पाहिला. "ही पिवळ्या जर्किनवाली कोण गं?"

"असेल कुणीतरी," मी म्हटलं. "पुढे पुढे करणारी."

"अगं, पण ती तर मागे आहे."

"हो ना," मी म्हटलं. "माझ्या जागेवर."